वाफसा

पाचगणीला तीन दिवस होतो, मंडळीच्या शिबिरात.
धुकं, सिल्व्हर ओक, सकाळचा मौनाचा तास.
तिथं प्रार्थना आपणहून यायची,
न बोलावता उंबऱ्यावर मांजर यावी तशी.
वाटलं, हीच ती जागा. आता मी वाढणार.
मोहोळ ओलांडलं आणि एसटीच्या खिडकीतून झळ आत आली;
घरी पोचेस्तोवर माझ्यात
टिपूसभरसुद्धा ओल उरली नव्हती.

मी रंगखात्यात कामाला. अक्कलकोट रोडला
चादरीचं सूत रंगवतो.
भट्टीची वाफ, सोडा, मीठ, बोअरचं जड पाणी.
सुताला लाल धरत नाही म्हणून
शेठ माझ्यावर ओरडतात, मी पाण्यावर.
भिंतीपलीकडे दिवसभर मागांची खडखड.
इथं देव कसा ऐकू यायचा, सांगा.

मनात एक यादी होती.
शांत खोली हवी. नळाला रोज पाणी हवं.
वरच्या मजल्यावरचा टीव्ही दहाला बंद हवा.
आणि नथनेलनं, माझ्या धाकट्या भावानं,
आईच्या खोलीचे पैसे आधी परत करायला हवेत.
मग टेकीन मी गुडघे.

पाळक ऐकून घ्यायचे.
एकदाच म्हणाले, "गोड पाण्याची विहीर सापडली
तर मलाही सांगा. मीही इथलंच पितो."

पेरणीच्या दिवसांत मंगळवेढ्याला गेलो,
सुवार्ताआत्याच्या रानात.
पाऊस होऊन गेलेला, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं,
बियाणं पिशवीत तयार,
ट्रॅक्टरवाला फोन करून करून थकलेला.
आत्या म्हणायची, "अजून नाय."
रोज सकाळी काळ्या मातीत बोटं खुपसायची,
मूठभर घेऊन दाबायची,
आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायची.
गोळा तसाच राहिला की, "चिखल हाय. बी कुजंल."
पाचव्या दिवशी गोळा पडला
आणि भाकरीच्या चुऱ्यासारखा पसरला.
"वाफसा आला," ती म्हणाली, आणि पदराला बोटं पुसली.

मी विचारलं, आता तर पाऊस नाही, आत्या,
ज्वारी वाढणार कशावर?
"मुरलंय त्येच्यावर."
जरा वेळानं, वाकूनच,
"आन् दंव पडतंय की रातचं. दिसत नाय म्हनून काय झालं."

परत आलो. काहीच बदललं नव्हतं.
टीव्ही तसाच. भट्टी तशीच.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, रात्री अडीचला.
बॅरल भरेस्तोवर पाइप धरून उभं राहायचं,
वीस मिनिटं, दुसरं काही करताच येत नाही.
गल्ली जागी असते पण बोलत नाही.
पलीकडच्या पोचम्मा तेलुगूत काही पुटपुटत
घागर सरकवतात, दुसरी लावतात.
मी इतकी वर्षं ही वीस मिनिटं
फुकट गेली म्हणून मोजत होतो.

त्या रात्री म्हणालो, "प्रभू."
पुढचं काही सुचलं नाही.
पाणी तळावर वाजत राहिलं,
मग आवाज बारीक झाला, जाड झाला.
भरत होतं.

रविवारी उपासनेत नथनेल तिसऱ्या बाकावर असतो,
मी सातव्या. त्याची मान मागून
थेट बाबांसारखी दिसते.
त्याचं नाव मुठीत घेतलं, तिथंच, नळापाशी.
दाबायची गरज नव्हती, अकरा वर्षं दाबलेलंच होतं.
कमरेच्या उंचीवरून सोडलं.

फुटलं नाही.

अजून नाय.
पाइप गुंडाळला, बॅरलवर झाकण टाकलं.
पुढच्या पाण्याला परत बघीन.